एका कपाटाची मालकी

बॅडमिंटन म्हटलं की आपल्याला रॅकेट आणि फूल आठवतं. पुण्यातले इंग्रज अधिकारी हा खेळ खेळायचे, म्हणून त्याला 'पूना' असंही म्हणत. पुढे तो इंग्लंडमधल्या बॅडमिंटन हाऊसच्या नावाने जगभर गेला. हे घर ब्यूफर्टच्या ड्यूकचं. आजची गोष्ट याच घरातल्या एका कपाटाची.

1726 साली तिसरा ड्यूक, हेन्री सॉमरसेट, फक्त 19 वर्षांचा होता. त्याने फ्लोरेन्सच्या राजकीय कारखान्यात एका कपाटाची ऑर्डर दिली. सुमारे 30 कारागीर, सहा वर्षं काम! काळं आबनूस लाकूड, सोन्याचा मुलामा दिलेलं ब्राँझ, आणि लाजवर्द, अकीक असे रंगीत दगड कापून बसवलेली फुलं-पाखरं. उंची जवळपास 13 फूट.

अडीचशेहून जास्त वर्षं ते त्याच घराण्याकडे राहिलं. 1990 साली लिलावात गेलं आणि 85 लाख पौंडांच्या वर विकलं गेलं. घेणारी कोण? बार्बरा पियासेका जॉन्सन. पोलंडच्या शेतकऱ्याची मुलगी. अमेरिकेत आली ती जॉन्सन अँड जॉन्सनच्या वारसाच्या घरी कामाला, पुढे त्याच मालकाशी लग्न केलं. कपाट देशाबाहेर जाऊ नये म्हणून इंग्लंडमध्ये बरीच धडपड झाली, पण तेवढा पैसा उभा राहिला नाही. 2004 साली पुन्हा लिलाव, 1 कोटी 90 लाख पौंड! यावेळी ते लिक्टेनस्टाइनच्या राजाने घेतलं. आता ते व्हिएन्नात आहे. दोन्ही वेळा फर्निचरच्या किमतीचा जागतिक विक्रम मोडला.

मंडळी, ही किंमत नुसत्या लाकडा-दगडाची नाही. कोणी बनवून घेतलं, कुठे, कधी, कोणाकडून कोणाकडे गेलं, याची अख्खी साखळी कागदावर आहे. त्याचीही ही किंमत आहे.

आता आपल्याकडे बघा. वाडा पडतो, बिल्डर येतो, कोरीव दरवाजे-खांब जुन्या बाजारात जातात. 1972 च्या कायद्याने शंभर वर्षांपेक्षा जुनी अशी वस्तू खाजगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही, हे खरं. पण गावातून शहरात, तिथून कुणाच्या तरी फार्महाऊसवर जाताना तिचं नाव-गाव कोण लिहून ठेवतं? वर्षभरात तो नुसता 'अँटिक दरवाजा' होतो. कोणत्या वाड्याचा, कोणत्या सुताराच्या हातचा, सगळं पुसलं जातं.

विकायची वेळ कोणावरही येते, त्यात लाज नाही. फक्त विकण्याआधी चार फोटो काढा, आजी-आजोबांना विचारून वाड्याचं नाव, गाव, साल लिहा. एक प्रत घरी ठेवा, एक घेणाऱ्याला द्या. वस्तू गेली तरी तिची ओळख राहील.

तुमच्या घरात असं काही जुनं असेल तर खाली कमेंटमध्ये नक्की सांगा.