बीसीजी: दुबळ्या केलेल्या जंतूची गोष्ट

१९०८. फ्रान्समधील लील शहरात काल्मेत आणि गेरँ यांनी गुरांच्या क्षयाचा जंतू पित्त व ग्लिसरीन लावलेल्या बटाट्यावर वाढवायला घेतला. १३ वर्षांत २३० वेळा नवे रोपण झाले. त्यात पहिले महायुद्ध आणि शहरावरचा जर्मन ताबाही आला. १९२१ मध्ये पॅरिसात, क्षयाने आई गेलेल्या एका नवजात बाळाला ही लस दिली गेली. टोचली नाही, पाजली!

१९३० मध्ये ल्युबेकला सत्तरहून अधिक बालके दगावली. पण तिथे प्रयोगशाळेत लसीत प्रखर जंतू मिसळले गेले होते.

खरा पेच एड्सने आणला. बीसीजीतील जंतू जिवंत असतो. प्रतिकारशक्ती ढासळलेल्या बाळाच्या शरीरभर तो पसरू शकतो. म्हणून २००७ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने एचआयव्हीबाधित बाळांना ती देऊ नये, असे सांगितले. ज्यांना क्षयाचे भय अधिक, नेमकी तीच बाळे लसीविना राहिली.

बर्लिनमध्ये स्टेफान कॉफमन यांच्या गटाने बीसीजीतील एक जनुक काढून लिस्टेरिया जंतूचे एक जनुक घातले. प्रतिकारशक्तीहीन उंदरांना ही लस मूळ बीसीजीपेक्षा सुरक्षित ठरली. पुढे पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने तिचे काम हाती घेतले. दक्षिण आफ्रिकेतील चाचणीत एचआयव्हीबाधित मातांची नवजात बाळेही होती.