जात्यावर बसवलेली नणंद

गाठीच्या तापाच्या, म्हणजे प्लेगच्या, गोष्टी आजीला तिच्या सासूबाईंनी सांगितलेल्या. उंदीर पडला की पंचवटीतली माणसं वाडे सोडून माळावर झोपड्या घालून राहत. सासूबाईंच्या नणंदेला ताप भरला, काखेत गाठ आली. तपासणीवाले दारात येताच घरच्यांनी तिला जात्यावर बसवलं. पदर घट्ट लपेटून, दातओठ खात ती पोर जातं ओढत राहिली. इस्पितळात नेलेलं माणूस परत येत नाही, ही धास्ती.

बायका दुखणं अंगावर काढतात, त्याला आपण सोशिकपणा म्हणतो. मला त्यात ही जुनी धास्तीही दिसते. नाही म्हणायची सोयच नव्हती, म्हणून लपवायचं. १८९७ च्या साथरोग कायद्याने सरकारच्या हाती भलते अधिकार दिले होते. त्याच वर्षी पंडिता रमाबाईंनी पुण्याच्या प्लेग इस्पितळातल्या बायकांच्या हालांबद्दल वर्तमानपत्रात पत्र लिहिलं. गव्हर्नरने आरोप फेटाळले, पण प्रकरण ब्रिटिश पार्लमेंटपर्यंत गेलं.

आजीची वेळ साठीत आली. गर्भपिशवी काढायची होती आणि डॉक्टर बोलत होते काकांशी. आजी खाटेवरून म्हणाली, "डॉक्टरसाहेब, पिशवी माझी आहे. मला सांगा."

त्यांनी केसपेपरच्या पाठीवर चित्र काढलं. नाही काढली तर काय होईल? किती दिवस थांबता येईल? सगळं ऐकून ती म्हणाली, काढू, पण कामदा एकादशीचा रथ झाल्यावर. डॉक्टर कबूल झाले. काका मात्र दिवसभर अवघडलेले. मला विचाराल तर डॉक्टरांचा मान आजीनेच राखला. त्यांचं म्हणणं शेवटपर्यंत ऐकलं ते तिनेच.

पुढे २००८ मध्ये समीरा कोहली खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की तपासणीला दिलेली संमती पिशवी काढायला चालत नाही, आणि भूल दिलेल्या सज्ञान बाईच्या वतीने आईने होकार दिला तरी तो पुरत नाही. तरीही २०१९ मध्ये बीडच्या ऊसतोड बायकांची पाहणी झाली, तेव्हा सुमारे ८२ हजारांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची पिशवी काढलेली निघाली. कित्येकींना कॅन्सरची भीती घातली होती. कुणी चित्र काढून दाखवलं असेल त्यांना?

२०२१ पासून राज्यातल्या खासगी रुग्णालयांना रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावावी लागते. कुणाबरोबर दवाखान्यात गेले की मी आधी तो फलक शोधते आणि सोबतच्या बाईला मोठ्याने वाचून दाखवते.