पेठेची तिजोरी

कोल्हापूरच्या पूर्व अंगाला दोन पेठा शेजारी शेजारी नांदतात. स्टेशनच्या कडेची शाहूपुरी आणि तिच्या पलीकडची राजारामपुरी. एक बापाच्या नावाची, दुसरी लेकाच्या. दोहींच्या गल्ल्यांना नावे नाहीत, आकडे आहेत. थट्टेने म्हणावयाचे तर शाहूपुरीने मिळवावे आणि राजारामपुरीने टुमदार बंगला बांधून राहावे, अशीच जणू वाटणी झाली होती. ती वाटणी आता मोडली आहे. राजारामपुरीच्या हमरस्त्यावर आज दुकानांची आणि बँकांची रीघ लागली असून, जुने बंगले एकामागून एक जमीनदोस्त होत आहेत. वि. स. खांडेकरांसारखा लेखक याच पेठेत राहिला, म्हणून येथील घरांविषयी हळहळणारे कोणी तरी भेटते. पण एखादी जुनी बँक पडली तर तिच्यासाठी उसासा कोण टाकणार?

आपल्याकडे वारसा म्हटला की डोळ्यांसमोर घुमट आणि मनोरे येतात. कोल्हापूरकरांचे यात चुकले असे नाही. चार्ल्स मँटने टाऊन हॉल आणि नवा राजवाडा अशा वास्तू योजून ठेवल्यावर इतर इमारतींनी लाजून मान खाली घालावी, हे साहजिकच आहे. परंतु राजवाडा राजाची गोष्ट सांगतो. पेठेची गोष्ट ऐकावयाची असेल तर पेढीच्या दारातच उभे राहिले पाहिजे.

ती गोष्ट गुळाची आहे. 1891 साली मिरजेहून कोल्हापूरला आगगाडी आली आणि पंचगंगेकाठच्या गुऱ्हाळांतील गुळाला दूरचे बाजार खुले झाले. चारच वर्षांनी, 1895 साली, शाहू छत्रपतींनी शाहूपुरीची बाजारपेठ वसविली. हंगामात शेतकऱ्याला पैसा आज हवा असतो, आणि परगावच्या व्यापाऱ्याकडून तो येतो महिन्याने. मधला काळ अडत्याने सांभाळावयाचा. अडत्याच्या थैलीलाही तळ असतोच. मग गोदामातला माल तारण ठेवून, वखारीची किल्ली हवाली करून, तो कर्ज उचलतो. दिवाळी पाडव्याला मुहूर्ताचा सौदा निघतो तेव्हा गुळाच्या रव्यांवर हळदकुंकू पडते, पण त्या सौद्यामागे उभी असते ती बँकेची तिजोरी.

अशा गरजेतूनच कृष्णा-पंचगंगेच्या खोऱ्यात गावोगावच्या बँका जन्मल्या. 1916 साली सांगली बँक निघाली, 1929 साली मिरज स्टेट बँक, 1936 साली साताऱ्याची युनायटेड वेस्टर्न. कोल्हापुरात 1943 साली रत्नाकर बँक स्थापन झाली. सांगलीचे बाबगोंडा पाटील व कोल्हापूरचे गंगाप्पा चौगुले हे तिचे संस्थापक. लंडनच्या भांडवलाशी यांचे काही नाते नव्हते. भागधारक, ठेवीदार आणि कर्जदार पुष्कळदा एकाच बाजारात सकाळी भेटणारी माणसे असत.

अशा जुन्या बँकेची बांधणी आता आठवून पाहा. बाहेरून व्यापाऱ्याच्या माडीसारखी, आत मात्र निराळाच थाट. लाकडी काउंटर, त्यावर पितळेची जाळी, जाळीपलीकडे रोखपाल. चेक देऊन पितळी बिल्ला घ्यावयाचा आणि बाकावर नंबराची वाट पाहत बसावयाचे. सर्वांत आत जाड भिंतींची, एकाच दाराची तिजोरीची खोली. तिचे लोखंडी दार दोन माणसांच्या दोन किल्ल्यांवाचून उघडत नसे. बंद दारानेही खातेदाराचा धीर वाढावा, अशीच ही सारी रचना होती. ठेव विम्याचा कायदा होण्याआधी, म्हणजे 1961 पूर्वी, भिंतीची जाडी हीच ठेवीदाराला डोळ्यांनी दिसणारी हमी होती! मला वाटते, या वास्तूंचे खरे मोल येथे आहे. माणसांनी एकमेकांवर विश्वास टाकावा म्हणून त्या बांधल्या गेल्या.

आणि त्यांची नावे? मिरज स्टेट बँक 1985 साली युनियन बँकेत विलीन झाली. बँक ऑफ कराड 1994 साली बँक ऑफ इंडियात गेली. साताऱ्याची युनायटेड वेस्टर्न 2006 साली आयडीबीआयच्या पोटात शिरली, तर सांगली बँक 2007 साली आयसीआयसीआयच्या. रत्नाकर बँक टिकली, वाढली, पण 2014 साली तिनेही 'आरबीएल' हे नाव धारण केले. रत्नाकराचे एवढे एक अक्षर उरले. 2025 च्या ऑक्टोबरात दुबईच्या एमिरेट्स एनबीडी बँकेने तिच्यात साठ टक्के भाग घेण्याचा करार जाहीर केला. गुळाच्या पेठेत लावलेल्या रोपाला आखातातून पाणी यावे, यात वाईट वाटून घेण्यासारखे काही नाही. मात्र पाटी उतरली की गावाच्या हाती उरते ती इमारतच.

अमेरिकेत मिनेसोटा संस्थानात ओवाटोना नावाचे शेतकऱ्यांचे एक लहान गाव आहे. तेथे लुई सलिव्हन या नामांकित स्थापत्यकाराने 1908 साली शेतकऱ्यांच्या बँकेसाठी विटांची एक इमारत उभी केली. पुढे बँकेचे मालक बदलले. इमारत राष्ट्रीय स्मारक ठरली आणि 1981 साली टपालाच्या तिकिटावरही चढली. आपल्या पेठांत सलिव्हन नव्हता, हे खरे. गवंडी होते, सुतार होते, आणि कर्ज वेळेवर फेडणारे अडते होते.

म्हणून नगरपालिकांनी वारशाच्या याद्या करताना कमानी मोजून झाल्या की एकदा काउंटरच्या आतही डोकवावे. निदान इमारत पाडण्यापूर्वी तिचे मोजमाप घ्यावे, तिजोरीच्या दाराचे छायाचित्र काढावे आणि माळ्यावरच्या खतावण्या रद्दीवाल्याच्या तागडीत पडण्याआधी खाली उतरवाव्यात. कोणत्या हंगामात कोणत्या गावच्या गुळावर किती उचल झाली, याचा हिशेब त्यांच्यात आहे, आणि तो दुसरीकडे कोठे सापडेल असे दिसत नाही.