अंगठीचीं तीन नांवें

कालिदासाच्या ‘अभिज्ञानशाकुंतल’ नाटकास युरोपांत जावयाचें झालें, तेव्हां पहिली अडचण आली ती नांवाचीच. कलकत्त्याच्या सुप्रीम कोर्टाचा न्यायाधीश सर विल्यम जोन्स ह्यानें तें प्रथम शब्दशः लॅटिनांत उतरविलें, आणि मग १७८९ सालीं त्याचें इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केलें. शकुंतलेचें नांव त्यानें राखिलें. ‘अभिज्ञान’ मात्र गळलें, आणि त्याच्या जागीं ‘फेटल रिंग’, म्हणजे घातक अंगठी, आली.

अभिज्ञान म्हणजे ओळखीची खूण. संस्कृतज्ञास त्या एका शब्दांत दुर्वासाचा शाप, शचीतीर्थीं गळून पडलेली अंगठी, धीवराला मत्स्याच्या पोटांत सांपडलेली तीच मुद्रिका आणि राजाची जागी झालेली स्मृति, हें सारें दिसतें. लंडनच्या वाचकास त्याचा काय बोध होणार? शिवाय नायिकेचें नांव, मग ‘किंवा’, आणि मग कथेची चुणूक देणारें दुसरें नांव, ही चाल तिकडे रूढच होती. जोन्सनें पाहुणीला त्या गांवचा पोशाख चढविला. प्रस्तावनेंत तर त्यानें खुद्द कवीलाही हिंदुस्थानचा शेक्सपिअर करून टाकिलें!

‘फेटल’ शब्दाचा त्या काळीं ‘दैवनियोजित’ असाही अर्थ होत असे, हें जोन्सच्या बाजूनें सांगितलें पाहिजे. तरीही पहिल्याच पानावर वाचकाचें लक्ष अनर्थाकडे वळतें. वास्तविक अनर्थाचें मूळ शापांत आहे. अंगठी ही त्या शापाची मर्यादा. ती दिसली कीं शाप सरतो.

१७९१ सालीं गेऑर्ग फोर्स्टर ह्यानें जोन्सच्या इंग्रजीवरून जर्मन भाषांतर केलें. त्यांत अंगठी ‘निर्णायक’ झाली. नवल हें कीं, मूळ संस्कृत न वाचलेला हा भाषांतरकारच कालिदासाच्या अधिक जवळ गेला. हेंच पुस्तक वाचून गटेनें शकुंतलेवर आपलें प्रसिद्ध चार ओळींचें स्तुतिकाव्य रचिलें. नांदीनंतरच्या सूत्रधार-नटीच्या प्रवेशावरूनच त्याला ‘फाउस्ट’च्या आरंभींचा रंगभूमीवरील प्रवेश सुचला, असें कित्येक विद्वान् मानितात.

पुढें १८५५ सालीं मोनियर विल्यम्सनें मूळ संस्कृतावरून नवें इंग्रजी भाषांतर काढिलें. त्यानें अंगठीस ‘हरवलेली’ म्हटलें. एवढ्या मोठ्या पंडितानें असें अर्धवट नांव कां द्यावें? अंगठी हरवल्याचें कळतें पांचव्या अंकांत. सहाव्याच्या आरंभीं ती सांपडते, आणि नाटकाचें खरें कारुण्य तेथून पुढें आहे. राजाला सारें आठवतें, पण शकुंतला जवळ नसते.

अण्णासाहेब किर्लोस्करांनीं ३१ ऑक्टोबर १८८० रोजीं पुण्यास आपलें मराठी नाटक रंगभूमीवर आणिलें, तेव्हां त्यांनींही ‘अभिज्ञान’ गाळलेंच. त्या प्रयोगांत पहिले चारच अंक झाले. अंगठी हरवल्याचें उघड होण्यापूर्वींच पडदा पडला. पण येथें अंगठीची ओळख करून देण्याची गरज कोणास होती? शकुंतलेची कथा घरोघरीं ठाऊक होती. नवें काय तें गाणें. म्हणून नांव ठेविलें ‘संगीत शाकुंतल’.