एकपंक्तीची पाठशाळा

छांदोग्य उपनिषदातील सत्यकाम जाबालाची कथा भाविकांस सुपरिचित आहे. आपले गोत्र आईसही ठाऊक नाही, हे त्याने निर्भयपणे सांगितले आणि त्या सत्यनिष्ठेने प्रसन्न होऊन हारिद्रुमत गौतमांनी त्याचे उपनयन केले. उपनयन होताच गुरूंनी त्याच्याकडे चारशे कृश गाई राखावयास सोपविल्या. शिष्याचे कुळ न पाहणे व विद्येचा आरंभ श्रमाने करणे, ही प्राचीन गुरुकुलाची दोन अंगे या कथेत एकत्र दिसतात. पुढे कालौघात पहिल्या अंगाचा समाजास विसर पडला. विसाव्या शतकात साताऱ्यास ज्यांनी ही दोन्ही अंगे पुनश्च जोडली, ते कर्मवीर भाऊराव पाटील होत.

भाऊरावांचा जन्म २२ सप्टेंबर १८८७ रोजी कोल्हापूर प्रांतातील कुंभोज येथे एका जैन कुटुंबात झाला. कोल्हापुरास विद्यार्थिदशेत असताना, अस्पृश्य मुलांसाठी काढलेल्या मिस क्लार्क वसतिगृहाच्या उद्घाटनास ते गेले. परतल्यावर स्नान करण्यास त्यांनी नकार दिला व त्यापायी त्यांना स्वतःचे वसतिगृह सोडावे लागले. ज्या छपराखाली विद्या मिळते, तेथेच माणूस माणसापासून दूर राहावयास शिकत असेल, तर ती विद्या समाजाच्या काय कामाची, हा प्रश्न त्यांच्या पुढील आयुष्याचे सूत्र ठरला.

४ ऑक्टोबर १९१९ रोजी कऱ्हाडजवळील काले या गावी त्यांनी रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली. १९२४ मध्ये साताऱ्यास सर्व जातिधर्मांच्या मुलांचे एकत्र वसतिगृह उभे राहिले. १९२७ मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते त्याचे 'श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस' असे नामकरण झाले. येथे मुलांनी पाणी भरावे, स्वयंपाक करावा, शेतात राबावे आणि एकाच पंक्तीस जेवावे, असा नित्यक्रम होता. नागरिकधर्माचे वेगळे व्याख्यान देण्याची आवश्यकताच नव्हती. कारण दुसऱ्याच्या भुकेची चिंता वाहणे, वाट्यास आलेले काम चोख करणे आणि सर्वांसाठी झिजणे, हाच तेथील दैनंदिन पाठ होता.

या पाठाचे मोल फार मोठे होते. मुलांच्या अन्नासाठी भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी अंगावरचे दागिने विकले. अखेर सौभाग्याचे मंगळसूत्रही दिले. १९३० मध्ये त्यांचे देहावसान झाले. तरीही ती पंक्ती मोडली नाही.

१९३५ मध्ये साताऱ्यास ग्रामीण शिक्षकांसाठी अध्यापन विद्यालय निघाले आणि त्यानंतर शेकडो खेडोपाडी व्हॉलंटरी शाळा सुरू झाल्या. काल ज्याने वसतिगृहाची चूल पेटविली, तोच तरुण आज दूरच्या वाडीत गुरुजी होऊन उभा राहू लागला. १९४० मध्ये 'कमवा व शिका' या तत्त्वावरील विद्यालयास महाराजा सयाजीराव गायकवाड यांचे नाव देण्यात आले. बडोदे संस्थानात १९०६ मध्येच सक्तीचे मोफत प्राथमिक शिक्षण सर्वत्र लागू करणाऱ्या राजाचे हे उचित स्मरण होय. ९ मे १९५९ रोजी भाऊराव निवर्तले, तेव्हा त्यांनी लावलेल्या रोपट्याचा वटवृक्ष झाला होता.

तरुणांनी लोककार्यात उतरावे, असे सर्वच वडीलधाऱ्यांना वाटते. परंतु तशी हाक देण्यापूर्वी त्यांना एकत्र राबण्याची व एकत्र जेवण्याची जागा द्यावी लागते, हा या इतिहासाचा बोध आहे. महाप्रसादाच्या पंक्तीत शेजारी कोण बसला आहे, हे न पाहता जो तरुण श्रद्धेने वाढतो, त्याच्या हाती गावाचा कारभारही निर्धास्तपणे सोपविता येईल.