भाड्याच्या घराची जमीन



जव्हार-मोखाड्याच्या डोंगराळ मुलखांत पोशेरा हें गांव आहे. या बाजूच्या जुन्या घरांना कारवीच्या कुडाच्या भिंती आणि पायाखालीं चोपून, शेणानें सारवलेली माती असे. ही जमीन जवळजवळ फुकटची. मात्र घरच्या बाईचा हात तिला वरचेवर लागावा लागे. राहणारा तोच जमीन करी आणि तोच ती दुरुस्त करी. शहरांतील भाड्याच्या घरांत हें नातें तुटलें. फरशी निवडणारा एक व तिच्यावर वावरणारा दुसरा, असें झालें.

मुंबईंत १८९६ सालीं प्लेग आला. उंदीर व पिसवा यांचा संबंध पुढें उलगडला. त्या वेळीं अधिकाऱ्यांचा रोष ओल व घाण यांवर होता, आणि कित्येक घरांच्या मातीच्या जमिनी उकरण्यांत आल्या. १८९८ सालीं सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. पाण्यानें धुतां येईल अशा जमिनीचें महत्त्व आतां घरमालकांसही पटूं लागलें.

पण कोणती फरशी घ्यावी? सोंगट्यांच्या पटासारखी रंगीत मिंटन फरशी विलायतेच्या स्टोक-ऑन-ट्रेंटहून येई. भाऊ दाजी लाड संग्रहालयांत ती आजही पाहावयास मिळते. भाड्याच्या हिशेबांत ती कोठली बसणार! दुसरी शहाबादी. हा चुनखडीचा दगड निजामाच्या राज्यांतून आगगाडीनें येई. उन्हाळ्यांत थंड आणि झिजण्यास चिवट. परंतु चिंच-लिंबाच्या आंबटानें त्याला डाग पडतात, हें गृहिणींस सांगावयास नको.

या दोहोंच्या मधली वाट १९२२ सालीं निघाली. फिरोजशहा व रुस्तुम सिधवा या पुतण्या-चुलत्यांनीं स्वदेशीच्या भरांत भारत टाइल्स ही कंपनी काढली. सिमेंटच्या नक्षीदार फरशीची खुबी अशी, कीं ती भट्टींत भाजावी लागत नाहीं. पितळी जाळीच्या खणांत रंगीत सिमेंट ओतावयाचें, जाळी उचलावयाची, मागें जाड सिमेंट भरून दाबयंत्रानें दाबावयाचें आणि मग पाण्यांत मुरवावयाचें. नक्षी वरवर चढविलेली नसून चांगली जाड असते. म्हणून वर्षानुवर्षे पाय घासले तरी ती लवकर पुसली जात नाहीं. दिवाणखान्यांत नक्षी आणि मोरीपाशीं शहाबादी, हा मालकाचा व्यवहारी तोडगा मला तरी शहाणपणाचा वाटतो.

पुढें १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्यानें भाडें सप्टेंबर १९४० च्या पातळीशीं बांधलें. भाडेकरूस त्यानें डोक्यावरचें छप्पर राखून दिलें, हें खरेंच. पण महागाई वाढत गेली, आणि फुटलेल्या फरशीवर पैसा घालण्यांत मालकास स्वारस्य उरलें नाहीं. भाडेकरूनें तरी दुसऱ्याच्या घरांत कां खर्च करावा? जुन्या इमारतींची दुरवस्था इतकी वाढली, कीं १९६९ सालीं दुरुस्तीसाठीं स्वतंत्र मंडळाचा कायदा करावा लागला. तें मंडळ तुळया व भिंती सांवरी. पायाखालच्या नक्षीचा वाली कोणीच नव्हता. अशा खोल्यांत दारापाशीं फुटलेल्या फुलाच्या जागीं निव्वळ सिमेंटचा गिलावा दिसतो. तो बहुधा भाडेकरूनेंच, सुटीच्या दिवशीं, स्वतःच्या हातानें लावलेला असतो.