खरखरीचा माग

पेट्रोलवर चालणारी जुनी मोटार म्हणजे चाकांवरचं छोटं प्रक्षेपण केंद्रच असतं. ठिणगीतून रेडिओलहरी निघतात हे मार्कोनीच्या पिढीला पक्कं ठाऊक होतं. त्यांची पहिली यंत्रं ठिणगीवरच चालत. चार सिलिंडरचं इंजिन मिनिटाला 3000 फेरे घेत असेल, तर तेवढ्या वेळात त्यात 6000 ठिणग्या पडतात. मीडियम वेव्हवर आवाज लहरीच्या कमीजास्त उंचीतून येतो आणि ठिणगी नेमकी तिथेच ढवळाढवळ करते. 1963 साली सांगलीला आकाशवाणी केंद्र सुरू झालं, तेव्हा रस्त्यावरच्या कितीतरी गाड्या त्याहून जुन्या होत्या. त्यांत रेडिओ बसला तो मागाहून, डॅशबोर्डाखाली पट्टी ठोकून. म्हणून रेडिओतली खरखर घालवणं आणि हरवलेलं बटण, एरियल किंवा चाकाची टोपी शोधणं ही दोन कामं वेगळी वाटली तरी प्रश्न एकच आहे: गाडीत मागाहून आलेली वस्तू तिच्याशी जुळवायची कशी? सातारा-सांगलीत याचं उत्तर दुकानापेक्षा इथल्या कारखानदारीच्या इतिहासात जास्त सापडतं.

या इतिहासाचा एक धागा थेट मोटारीपर्यंत पोचतो. औंधच्या संस्थानिकांनी दिलेल्या माळरानावर लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1910 साली किर्लोस्करवाडी वसवली आणि तिथे लोखंडी नांगर, मग पंप ओतले. साताऱ्यात धनजीशा कूपर यांनी इंजिनिअरिंगचा कारखाना काढला. पुढे हा कारखाना वालचंद समूहाकडे गेला. हा समूह मुंबईत 1944 साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स उभारणाऱ्या वालचंद हिराचंद यांचा, आणि सांगलीचं अभियांत्रिकी महाविद्यालयही त्यांच्याच नावाने ओळखलं जातं. किर्लोस्करवाडीत मोटारी बनल्या नाहीत, हे मान्य. पण लाकडी पॅटर्न करणं, वाळूच्या साच्यात ओतणं, लेथवर सुताएवढा फरक ओळखणं ही कला कारखान्याच्या फाटकाआड राहिली नाही. नांगर-पंपांच्या मुलखात ती गावोगावच्या वर्कशॉपांत उतरली.

यावर एक आक्षेप वजनदार आहे. हा भाग नावाजला तो ऑइल इंजिनासाठी, म्हणजे डिझेलसाठी. डिझेलमध्ये दाबाने तापलेल्या हवेत इंधन पेटतं, स्पार्क प्लग लागतच नाही. कानठळ्या बसवणारं ते इंजिन रेडिओच्या दृष्टीने मुकं. मग अशा इंजिनावर वाढलेल्या मिस्त्रीला खरखर काय कळणार? ठिणगीपुरता आक्षेप बरोबर आहे, पण खरखर एकाच जातीची नसते. इंजिनाच्या वेगाबरोबर टकटक वाढली आणि किल्ली बंद करताच थांबली, तर दोष ठिणगीचा. किल्ली बंद केल्यावरही इंजिन फिरतंय तोवर बारीक शिट्टी रेंगाळली, तर ती डायनामोची. पहिल्यासाठी कॉईलच्या जाड वायरीत सप्रेसर आणि कॉईलच्या बॅटरीकडच्या टोकाला कंडेन्सर लावतात. पॉइंटकडच्या टोकाला लावला तर ठिणगीच बिघडते. दुसऱ्यासाठी डायनामोच्या मोठ्या टोकाला कंडेन्सर लावायचा, फिल्डच्या टोकाला कधीच नाही. पण डायनामोचा कम्यूटेटर, म्हणजे कार्बन ब्रश घासतात तो तांब्याचा भाग, झिजलेला असेल तर कंडेन्सरही हात टेकतो. मग आर्मेचर लेथवर चढवून तांबं साफ करावं लागतं आणि पट्ट्यांमधला अभ्रक करवतीच्या पात्याने खाली घ्यावा लागतो. विहिरीवरच्या विजेच्या मोटारीला असा कार्बन नसतो, तरी ऊसपट्ट्यात मोटारी रिवाइंड करणाऱ्या हाताला तार, इन्सुलेशन आणि बुश नवे नाहीत.

सुट्या भागांचंही तसंच. जनरल मोटर्सने 1928 साली मुंबईत गाड्या जोडायला घेतल्या, पण पन्नाशीच्या दशकात परदेशी कंपन्यांची जोडणी थांबली आणि आयात परवान्यांत अडकली. एरियल तुटला की मुंबईचा चोरबाजार नाहीतर पुण्याचा जुना बाजार धुंडाळायचा. तिथे मिळालं नाही तर घडवून घ्यायचं. शुद्धतावादी म्हणतात, घडवलेला भाग म्हणजे नक्कल, गाडीचं मोल गेलं. काचेची तबकडी, कंपनीचा बिल्ला, छापील अक्षरं यांबाबत त्यांचं म्हणणं पटतं. तिथे मूळ वस्तूच शोधावी, नसेल तर जागा रिकामी ठेवावी. पण पितळी बुश, पट्टी, एरियलचा तळ यांना तोच नियम लावला तर गाडीच्या आयुष्याची मधली चाळीस वर्षं खोडून टाकावी लागतील. टंचाईच्या काळात तिला चालतं ठेवलं ते याच भागांनी. कारखान्यातून निघालेली अवस्था हा गाडीच्या इतिहासाचा आरंभ आहे, अख्खा इतिहास नव्हे.

म्हणून मूळ की घडवलेलं, या वादापेक्षा नोंद महत्त्वाची. सप्रेसर दिसू नये म्हणून लपवण्यापेक्षा कुठे बसवला ते वहीत लिहावं. नव्या बुशवर गाव आणि साल कोरावं. किर्लोस्करवाडीच्या ओतकामावर नाव उठलेलं असे, म्हणून आज ते ओळखता येतं. गल्लीतल्या लेथवाल्याचं काम मात्र बिननावाचं राहिलं, आणि त्यामुळेच त्याची किंमत भंगाराच्या भावाने होते.